सिंधुदुर्गातील युद्धनौका संग्रहालय प्रकल्प

सिंधुदुर्गातील युद्धनौका संग्रहालय प्रकल्प म्हणजे सेवानिवृत्त युद्धनौकांचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती रॉक परिसराच्या समुद्रात संग्रहालयात रूपांतर करण्याच्या महाराष्ट्र शासनाच्या योजना होत. यांपैकी पहिली योजना विमानवाहू नौका आयएनएस विराटसाठी होती. तिला राज्य मंत्रिमंडळाने १ नोव्हेंबर २०१८ रोजी मंजुरी दिली. तिचा अंदाजित खर्च ८५२ कोटी रुपये होता. ती प्रत्यक्षात आली नाही व नौका २०२० मध्ये भंगारात गेली. दुसरी योजना आयएनएस गुलदार या नौकेचे पाण्याखालील संग्रहालय करण्याची असून तिच्यासाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. दोन्ही योजनांचे ठिकाण जवळजवळ एकच आहे. मात्र निधीचा स्रोत, खर्चाची मर्यादा आणि देखरेखीची व्यवस्था या बाबतींत त्या पूर्णपणे वेगळ्या आहेत. सार्वजनिक संग्रहालयाच्या अर्थकारणात मंजूर आकडा, तरतूद केलेला पैसा आणि दरवर्षीच्या देखभालीचा खर्च या तीन स्वतंत्र गोष्टी असतात, हे या दोन प्रकरणांवरून स्पष्ट होते.

स्थान

निवती हे वेंगुर्ले तालुक्यातील किनारी गाव आहे. त्याच्या समोर खोल समुद्रात खडकाळ बेटांचा एक समूह असून तो निवती रॉक किंवा वेंगुर्ला रॉक या नावांनी ओळखला जातो. त्यावर दीपगृह आहे. या बेटांवरील गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत असल्यामुळे पक्षिशास्त्राच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची मानली जातात. उत्तरेस मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यात प्रवाळ आढळतात.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले. तेव्हापासून समुद्राशी निगडित अनेक प्रकल्प येथे जाहीर झाले. तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था त्यांपैकी उभी राहिली. मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी येथील सी वर्ल्ड प्रकल्प मात्र भूसंपादनाला झालेल्या स्थानिक विरोधामुळे रखडला. जाहीर झालेला प्रकल्प आणि उभा राहिलेला प्रकल्प यांतील हे अंतर जिल्ह्यातील लोकांना नवे नाही. युद्धनौका संग्रहालयाकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीतही ते उतरले आहे.

पूर्वपीठिका : विक्रांतचा अनुभव

महाराष्ट्रात युद्धनौकेचे संग्रहालय करण्याचा पहिला प्रयोग मुंबईत झाला. भारताची पहिली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. तिचे जतन करण्याची इच्छा राज्य शासनाने व्यक्त केली होती. २००१ पासून ती संग्रहालय म्हणून लोकांना ठरावीक दिवशी पाहता येऊ लागली. परंतु नौका नौदलाच्या गोदीतच उभी राहिली आणि तिच्यासाठी कायमस्वरूपी धक्का, तळाची दुरुस्ती व दैनंदिन व्यवस्थापन यांचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. सुरक्षिततेच्या कारणावरून २०१२ मध्ये संग्रहालय बंद करण्यात आले.

त्यानंतर राज्य शासनाने देखभालीचा भार पेलण्यास असमर्थता दर्शविली. जहाज लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना विकले गेले. विक्रीविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळली, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जहाज तोडल्यानंतर त्याच्या पोलादाचा काही भाग एका मोटारसायकलीच्या निर्मितीत वापरला गेला व त्याची जाहिरातही झाली. संग्रहालय म्हणून अकरा वर्षे टिकलेल्या नौकेची सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचलेली आठवण बहुधा हीच होय.

विक्रांतच्या बाबतीत उद्‌घाटनाच्या वेळी संग्रहालय होते, लोक होते, वस्तूही होत्या. आवर्ती खर्चाचे कायम शीर्ष तेवढे नव्हते. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात उभे असताना त्याची झीज अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. एका वर्षाची रंगरंगोटी व तळाची तपासणी टळली की पुढील वर्षाचे अंदाजपत्रक वाढते, वाढलेले अंदाजपत्रक मंजूर होण्यास आणखी वेळ लागतो आणि अखेरीस दुरुस्तीचा खर्च जहाजाच्या भंगार किमतीच्या पुढे जातो.

आयएनएस विराट योजना (२०१८)

विराट ही मूळची ब्रिटिश नौदलाची एचएमएस हर्मीस. १९५९ मध्ये ती ब्रिटिश सेवेत दाखल झाली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. भारताने ती विकत घेऊन १२ मे १९८७ रोजी नौदलात दाखल केली व ६ मार्च २०१७ रोजी ती मुंबईत निवृत्त झाली. सुमारे २२६ मीटर लांबीच्या या नौकेचे पूर्ण भारासह वजन २८ हजार टनांच्या आसपास होते.

निवृत्तीपूर्वीच तिच्या जतनाबाबत राज्यांकडून प्रस्ताव मागविण्यात आले होते. आंध्र प्रदेशाने विशाखापट्टणमसाठी रस दाखविला होता. या शहराकडे कुरसुरा पाणबुडीच्या संग्रहालयाचा २००२ पासूनचा अनुभव होता. परंतु संरक्षण मंत्रालय अशा प्रकल्पात आर्थिक भागीदार होण्यास तयार नव्हते. नौका मिळेल, पैसा मिळणार नाही, अशी ही स्थिती होती.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या योजनेनुसार विराट मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे सात सागरी मैलांवर, निवती रॉकजवळ, समुद्रतळावरील काँक्रीटच्या पायावर कायमची बसविली जाणार होती. तिच्यावर संग्रहालय, सागरी साहसी क्रीडा केंद्र, शिडाच्या बोटींचे व स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण आणि निवासाची व्यवस्था असा एकत्रित विचार होता. प्रकल्प सार्वजनिक-खासगी भागीदारी तत्त्वावर, महाराष्ट्र सागरी मंडळामार्फत राबवायचा होता.

८५२ कोटी रुपये हा आकडा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला आणि अनेकांनी तो शासनाने दिलेला निधी असल्याचे गृहीत धरले. प्रत्यक्षात तो प्रकल्पाचा अंदाजित खर्च होता. मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता हा धोरणात्मक निर्णय असतो; तिच्यामुळे राज्याच्या संचित निधीतून एक रुपयाही खर्च करण्याचा अधिकार निर्माण होत नाही. त्यासाठी विधिमंडळाने विनियोजन विधेयकाद्वारे तरतूद संमत करावी लागते. भागीदारी तत्त्वावरील प्रकल्पात तर मुख्य भांडवल खासगी गुंतवणूकदाराने आणणे अपेक्षित असते. म्हणजे ८५२ कोटींचा आकडा खरा ठरण्यासाठी असा गुंतवणूकदार हवा होता, जो खुल्या समुद्रात, पावसाळ्यात बंद राहणाऱ्या आणि केवळ बोटीनेच पोहोचता येणाऱ्या संग्रहालयाच्या तिकिटांतून व खोल्यांच्या भाड्यांतून आपला पैसा वसूल होईल असे मानेल.

तसा गुंतवणूकदार पुढे आला नाही. जुलै २०१९ मध्ये संरक्षण राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरात, आर्थिकदृष्ट्या स्वयंपूर्ण असा परिपूर्ण प्रस्ताव न मिळाल्यामुळे नौदलाशी विचारविनिमय करून विराट भंगारात काढण्याचा निर्णय घेतल्याचे स्पष्ट केले. मंजुरी आणि हा निर्णय यांत नऊ महिन्यांहूनही कमी काळ गेला.

जुलै २०२० मधील लिलावात अलंग येथील श्रीराम समूहाने ३८.५४ कोटी रुपयांना नौका घेतली. १९ सप्टेंबर २०२० रोजी ती मुंबईहून निघाली. एका खासगी कंपनीने ती परत विकत घेऊन गोव्यात संग्रहालय करण्याचा प्रस्ताव मांडला, परंतु संरक्षण मंत्रालयाने ना-हरकत प्रमाणपत्र दिले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जैसे थे आदेश दिला. मात्र नौकेचा सुमारे ४० टक्के भाग आधीच तोडला गेल्याचे निदर्शनास आल्यावर एप्रिलमध्ये याचिका फेटाळण्यात आली. अंदाजित प्रकल्प खर्चाच्या सुमारे साडेचार टक्के रकमेत नौकेचा शेवट झाला.

पाणबुडी पर्यटनाचा प्रस्ताव

विराटच्या योजनेबरोबरच, २०१८ च्या सुमारास, याच निवती परिसरात प्रवासी पाणबुडीतून समुद्रतळ दाखविण्याचा प्रस्ताव जाहीर झाला. त्याचा खर्च त्या वेळी सुमारे ५६ कोटी रुपये सांगितला जात होता. हे काम पुढे सरकले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरात शासनाने द्वारकेजवळील पाणबुडी पर्यटनासाठी माझगाव डॉकशी सामंजस्य करार केला, तेव्हा सिंधुदुर्गातील प्रकल्प गुजरातला गेल्याचा आरोप विरोधी पक्षांनी केला व शासनाने तो नाकारला. राजकीय वादात एक साधी बाब मागे पडली. पाच वर्षांपूर्वीचे अंदाजपत्रक तसेच ठेवून कोणतेही काम सुरू करता येत नाही. दरसूची बदलते, परकीय चलनात घ्यायच्या यंत्रसामग्रीची किंमत बदलते आणि खर्चाला सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. विलंब हीच येथे अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी वाढ असते.

आयएनएस गुलदार योजना (२०२४ पासून)

गुलदार ही रणगाडे व सैनिक थेट किनाऱ्यावर उतरविणारी कुंभीर वर्गातील नौका. पोलंडमधील गिडिनिया येथे बांधलेली ही नौका ३० डिसेंबर १९८५ रोजी नौदलात दाखल झाली. चित्ता व कुंभीर या जोडीच्या नौकांसह तिने अंदमान-निकोबार कमांडमध्ये सेवा केली. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या मोहिमा, १९९० ची ऑपरेशन ताशा आणि २००४ च्या त्सुनामीनंतरचे मदतकार्य यांत या नौकांचा सहभाग होता. तिन्ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे एकाच वेळी निवृत्त झाल्या. गुलदारची लांबी सुमारे ८४ मीटर आणि वजन सुमारे ११२० टन आहे. विराटच्या तुलनेत वजनाने ती पंचविसावा हिस्साही नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवार येथील नौदल तळावर ही नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे ‘आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत’ या अटीवर सोपविण्यात आली आणि पुढे विजयदुर्ग बंदरात आणण्यात आली. या अटीचा आर्थिक अर्थ महत्त्वाचा आहे. नौकेची किंमत द्यावी लागत नाही, पण तिच्यातील तेल, वंगण, जुने रंग, विद्युत तारा व इतर घातक पदार्थ काढण्याचा, तिची वाहतूक करण्याचा आणि वाटेतील जोखमीचा सर्व खर्च घेणाऱ्याच्या अंदाजपत्रकात येतो. संग्रहालय उभारण्याच्या खर्चाचा एक मोठा भाग अशा रीतीने प्रेक्षकाला कधीच न दिसणाऱ्या कामावर, म्हणजे नौका स्वच्छ करण्यावर, होतो.

योजनेनुसार नौका निवती रॉकजवळ समुद्रतळावर बसवून तिचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभिंत तयार करावयाची आहे. पाणबुड्यांना तिच्या आत-बाहेर पोहता येईल आणि पोहू न शकणाऱ्यांना प्रवासी पाणबुडीतून ती पाहता येईल, अशी कल्पना आहे.

निधीचा स्रोत

गुलदार प्रकल्पाचा पैसा ‘भांडवली गुंतवणुकीसाठी राज्यांना विशेष साहाय्य’ या केंद्रीय योजनेतून येतो. ही योजना कोविड काळात, २०२०-२१ मध्ये, १२ हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाली व नंतर वाढत गेली. तिच्याखाली मिळणारी रक्कम अनुदान नसून ५० वर्षांचे बिनव्याजी कर्ज असते. योजना जाहीर करताना, ५० वर्षे कोणताही हप्ता न भरता शेवटी एकरकमी परतफेड करण्याची मुभा राज्यांना देण्यात आली होती. राज्याच्या नेहमीच्या कर्जमर्यादेत ही रक्कम धरली जात नाही, हे तिचे आणखी एक आकर्षण.

२०२४-२५ मध्ये या योजनेचा एक भाग ‘जागतिक दर्जाची पर्यटन केंद्रे’ विकसित करण्यासाठी राखून ठेवण्यात आला. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाकडे राज्यांकडून ८७ प्रस्ताव आले. त्यांचे एकूण मूल्य ८ हजार कोटी रुपयांहून अधिक होते. त्यांतून २३ राज्यांतील ४० प्रकल्प निवडण्यात आले व त्यांच्यासाठी ३२९५.७६ कोटी रुपये मंजूर झाले. महाराष्ट्राचे दोन प्रकल्प त्यात आहेत : नाशिक येथील रामकुंड परिसरातील रामकाल पथ (९९.१४ कोटी रुपये) आणि सिंधुदुर्गातील गुलदार (४६.९१ कोटी रुपये). मंजूर रकमेच्या ६६ टक्के भाग पहिला हप्ता म्हणून राज्यांना देण्यात आला. गुलदारच्या बाबतीत तो सुमारे ३०.९६ कोटी रुपये होतो. प्रकल्प दोन वर्षांत पूर्ण करावा आणि केंद्राचा निधी ३१ मार्च २०२६ पूर्वी वितरित व्हावा, असे बंधन योजनेत घालण्यात आले.

विराटच्या योजनेतील ८५२ कोटींच्या तुलनेत ही रक्कम अठरावा हिस्सा आहे. परंतु या छोट्या आकड्यामागे देणारा निश्चित आहे, हप्ता ठरलेला आहे आणि मुदतही आहे. मोठ्या आकड्यामागे यांपैकी काहीच नव्हते.

अर्थसंकल्पीय प्रवास

केंद्राकडून आलेले कर्ज प्रथम राज्याच्या लेख्यांत ६००४ या मुख्य लेखाशीर्षाखाली, केंद्राकडील कर्ज म्हणून, जमा होते. खर्चासाठी मात्र पर्यटन विभागाच्या मागणीत ५४५२, म्हणजे पर्यटनावरील भांडवली खर्च, या शीर्षाखाली स्वतंत्र तरतूद लागते. नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेला प्रकल्प आदल्या मार्चमध्ये संमत झालेल्या अर्थसंकल्पात असणे शक्य नसते. अशा वेळी राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ नुसार पुरवणी मागणी मांडावी लागते. मुंबईतील पावसाळी आणि नागपूरमधील हिवाळी अधिवेशन यांत विधिमंडळापुढे येणारे पुरवणी मागण्यांचे जाड ग्रंथ हे बहुतांशी अशाच वर्षामध्यात उद्भवलेल्या खर्चांचे असतात. एखाद्या संग्रहालयाची नोंद त्यात एका ओळीची असते आणि शेकडो ओळींच्या चर्चेत तिच्या वाट्याला सहसा एक प्रश्नही येत नाही.

तरतूद झाली तरी पैसा हाती येत नाही. वित्त विभाग राज्याच्या वसुलीचा अंदाज घेऊन बीम्स या संगणकीय प्रणालीवर निधी टप्प्याटप्प्याने खुला करतो. आर्थिक वर्षाच्या मध्यानंतर प्रत्येक विभागाकडून आठमाही सुधारित अंदाज घेतला जातो. त्यात खर्च संथ असलेल्या योजनांची तरतूद कमी होते व ती अन्यत्र पुनर्विनियोजित करता येते. कामाचा वेग मंदावला की निधी कमी होतो आणि निधी कमी झाला की काम आणखी मंदावते. राज्यातील अनेक सांस्कृतिक प्रकल्प या चक्रात सापडलेले आढळतात.

समुद्रातील प्रकल्पाला यात एक विशेष अडचण आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीवर बंदी असते आणि जलक्रीडा साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद ठेवल्या जातात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत होतो. म्हणजे पाण्याखालील कामासाठी वर्षातील जेमतेम सात-आठ महिने मिळतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला, नेमके समुद्र शांत असताना, संपते; नव्या वर्षाचा निधी प्रत्यक्ष उपलब्ध होईपर्यंत मे उजाडतो आणि पुढे पावसाळा असतो. मंत्रालयात एका तिमाहीचा वाटणारा विलंब निवतीच्या समुद्रात पूर्ण हंगामाचा ठरू शकतो. दोन वर्षांची मुदत म्हणजे येथे दोन हंगाम. त्यांतील पहिला हंगाम हस्तांतरण, स्वच्छता व परवानग्यांतच जातो.

देखरेखीची यंत्रणा

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ ही २० जानेवारी १९७५ रोजी कंपनी कायद्याखाली स्थापन झालेली शासकीय कंपनी आहे. त्यामुळे तिच्या लेख्यांची तपासणी शासकीय विभागापेक्षा वेगळ्या पद्धतीने होते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १४३ नुसार तिचा लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात आणि त्यांना पूरक लेखापरीक्षणाचाही अधिकार असतो. वार्षिक अहवाल विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. महालेखापरीक्षकांच्या अहवालातील शासकीय कंपन्यांविषयीचे परिच्छेद सार्वजनिक उपक्रम समितीकडे, तर विभागांविषयीचे लोकलेखा समितीकडे जातात.

या रचनेत एक फट राहते. विभागाने महामंडळाकडे रक्कम वर्ग केली की शासनाच्या लेख्यांत तो खर्च झालेला दिसतो. प्रत्यक्षात ती महामंडळाच्या बँक खात्यात पडून असू शकते. ३१ मार्चच्या आत निधी व्यपगत होऊ नये म्हणून वर्षअखेरीस अशी वर्गवारी होण्यावर महालेखापरीक्षकांनी विविध विभागांच्या संदर्भात वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत. उपयोगिता प्रमाणपत्र या ठिकाणी कळीचे ठरते. पुढचा हप्ता मागताना आधीची रक्कम मंजूर कारणासाठीच खर्च झाल्याचे प्रमाणित करावे लागते. मात्र प्रमाणपत्र पैशाचा हिशेब सांगते, कामाचा दर्जा सांगत नाही. समुद्रतळावरील कामाच्या बाबतीत तर तपासणी अधिकाऱ्याला मोजमाप पुस्तिकेतील नोंद स्वतः जाऊन पडताळणेही सहज शक्य नसते. त्याला पाणबुड्यांच्या चित्रीकरणावर व तांत्रिक सल्लागाराच्या अहवालावर विसंबावे लागते.

राज्य शासन व नौदल यांच्या संयुक्त कामांतील जबाबदारीचा प्रश्न याच किनाऱ्यावर दुसऱ्या एका घटनेने ऐरणीवर आला. मालवण येथील राजकोट किल्ल्यावर नौदल दिनी, ४ डिसेंबर २०२३ रोजी, अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. निधी एकाचा, अंमलबजावणी दुसऱ्याची आणि देखभाल तिसऱ्याची असेल तर उत्तरदायित्व कोणाचे, यावर त्यानंतर राज्यभर वाद झाला. गुलदारच्या बाबतीत नौका नौदलाची, कर्ज केंद्राचे, मालकी महामंडळाची आणि समुद्रावरील परवानग्या सागरी मंडळ, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण व अन्य यंत्रणांच्या, अशी विभागणी आहे.

देखभाल खर्च व स्थानिकांचे प्रश्न

केंद्राचे साहाय्य केवळ भांडवली खर्चासाठी आहे; संचालन व देखभाल ही राज्याची जबाबदारी आहे. लेखाशीर्षांच्या भाषेत सांगायचे तर ५४५२ खाली पैसा आहे, ३४५२ खाली, म्हणजे पर्यटनाच्या महसुली खर्चात, दरवर्षी किती येईल ते प्रत्येक अर्थसंकल्पावर अवलंबून राहील. नांगराच्या बोया, पाण्याखालील सुरक्षा तपासणी, बचाव पथक, विमा, प्रवाळांच्या वाढीचे शास्त्रीय निरीक्षण आणि नौकेत अडकणारी तुटकी जाळी काढणे ही कामे उद्‌घाटनानंतर सुरू होतात व थांबत नाहीत. कर्जाची परतफेड २०७५ च्या आसपास येईल. तेव्हा गुलदारचे वय नव्वदीच्या घरात असेल.

परदेशांतील अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ २००२ मध्ये स्पीगेल ग्रोव्ह ही नौका नियोजित वेळेआधीच कलंडून बुडाली आणि तिला सरळ करण्यासाठी आणखी खर्च करावा लागला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड ही नौका मार्च २०१० मध्ये बुडवायची होती. तिच्यातील रंग व रसायनांविषयी किनाऱ्यावरील रहिवाशांनी न्यायाधिकरणात धाव घेतल्याने ते काम एप्रिल २०११ पर्यंत लांबले. दोन्ही नौका आज पाणबुड्यांची आवडती ठिकाणे आहेत.

सिंधुदुर्गातील पारंपरिक मच्छीमारांसाठी निवतीचा समुद्र हे रोजच्या कमाईचे क्षेत्र आहे. पर्ससीन नौकांशी त्यांचा संघर्ष जुना असून सागरी अभयारण्याच्या निर्बंधांनाही त्यांनी विरोध केला होता. कृत्रिम प्रवाळभिंतीमुळे माशांची पैदास वाढू शकते, हा युक्तिवाद प्रकल्पाच्या बाजूने केला जातो. त्याच वेळी संग्रहालयाभोवतीचे क्षेत्र मासेमारीस बंद झाल्यास जाळी कुठे टाकायची, हा प्रश्न उरतो. मालवण, तारकर्ली व देवबाग येथील स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंग व्यवसाय मुख्यतः स्थानिक तरुणांनी उभा केला आहे. संग्रहालयाचे संचालन बाहेरच्या एकाच ठेकेदाराकडे जाते की या व्यावसायिकांना परवाने मिळतात, यावर तिकिटाचा पैसा जिल्ह्यात किती राहील हे ठरेल. महामंडळाच्या ताळेबंदात ही रक्कम दिसत नाही आणि लेखापरीक्षणाच्या कक्षेतही ती येत नाही. किनाऱ्यावरच्या गावांचा मात्र प्रकल्पाविषयीचा हिशेब याच रकमेपासून सुरू होतो.